मावशीची गाठ आणि कलमी उंदीर

गणपतीत आरती आटोपली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तासभर तरी गप्पा चालतात. यंदा एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी प्रसाद हातात तसाच धरून माझ्याजवळ आल्या आणि मोबाईलवर एका कागदाचा फोटो दाखवला. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे त्यांच्या मुलाच्या मावशीला, अंडाशयाचा कर्करोग निघालाय. ऑपरेशन दुसऱ्या गावी, मोठ्या रुग्णालयात. भरती व्हायच्या आधी पाच पानांचं संमतीपत्र हातात पडलं होतं. चार पानं कळली. पाचव्यावर लिहिलं होतं की शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातून तपासणी होऊन जे उरेल, ते संशोधनासाठी वापरायला आणि प्राण्यांमध्ये त्याचं रोपण करायला आमची हरकत नाही. खाली दोन रिकामे चौकोन.

"बाई, म्हणजे हिची गाठ उंदराला लावणार?"

मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे वाड्यात सगळ्यांची मी बाईच. पाल, साप, विंचू काहीही निघालं की हाक मला. वहिनींचा मुलगा मागून कुजबुजला, "आई, निदान गणपतीसमोर तरी उंदराचं नको काढूस."

हो, उंदरालाच लावणार. ते का, कसं, आणि त्यातून मावशीला काय मिळणार, हे त्या संध्याकाळी मला अर्धवटच सांगता आलं. मध्येच कुणीतरी ढोकळा आणला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

नाव एक, पदार्थ पाच

बडोद्यात सेव-उसळ नाक्यानाक्यावर मिळते, पण एका गाडीवरच्या तर्रीचा दुसऱ्या गाडीवरच्या तर्रीशी संबंध बहुतेक वेळा नावापुरताच. अंडाशयाच्या कर्करोगाचं तसंच आहे. एका नावाखाली निदान पाच मुख्य आजार राहतात. त्यांची सुरुवात वेगळी, स्वभाव वेगळा, औषधाला दाद देण्याची तऱ्हा वेगळी. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा प्रकार म्हणजे 'हाय-ग्रेड सिरस'. मावशीला निघालाय तो हाच.

गंमत अशी (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण शिकवताना हाच शब्द तोंडात यायचा) की अंडाशयाचा म्हणवणारा हा आजार बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो बीजवाहिनीच्या (फॅलोपियन ट्यूबच्या) झालरीसारख्या टोकाला. तिथून पेशी सुटतात आणि अंडाशयावर, आतड्यांवर, पोटाच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसतात. पोटाची पोकळी मोठी, त्यामुळे बराच काळ काहीच अडत नाही. पोट फुगल्यासारखं वाटणं, चार घासांत भरणं, वारंवार लघवीला जावं लागणं, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं घरोघरी गॅसेसच्या नावावर खपतात. पोटात पाणी व्हायला लागलं की मग सोनोग्राफी होते.

भारतात २०२२ साली या कर्करोगाच्या सुमारे ४७ हजार नवीन रुग्ण नोंदल्या गेल्या, असा जागतिक अंदाज सांगतो. लक्षणं नसलेल्या बायकांची सरसकट तपासणी करून आजार लवकर पकडता येईल का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं पाहिलं. रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी झाली, सोनोग्राफीही झाली. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे निदान आजतरी सगळी मदार उपचारांवर आहे.

उपचार म्हणजे मोठं ऑपरेशन, आणि सोबत कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांची केमो. बहुतेकींना पहिल्यांदा ती चांगली लागू पडते. रिपोर्ट स्वच्छ येतो, घरात पेढे वाटले जातात. पण आजार पसरल्यावर निदान झालेल्या बायकांपैकी बहुतेकींना तो काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी परत गाठतो. परत येतो तो चिवट होऊन, आणि तेच औषध मग हळूहळू निरुपयोगी होत जातं.

हे का होतं, तो सगळ्यात मोठा प्रश्न. तो सोडवायचा तर गाठ बाईच्या पोटाबाहेर जिवंत ठेवून तिच्यावर औषधं पुन्हा पुन्हा वापरून बघावी लागतात. बाईवर ते करता येत नाही. मग कुणावर?

काचेच्या बशीत वाढतात की पेशी!

वाढतात. हेनरिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ पासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. अंडाशयाच्या कर्करोगाच्याही अशा पेशी आहेत. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या प्लॅस्टिकच्या बशीत गेल्या. स्वस्त, सोयीच्या, हव्या तितक्या.

अडचण अशी की अमेरिकेत तीस वर्षं राहिलेल्या पुतण्याला कुणी बडोद्याच्या आजच्या रस्त्यांबद्दल विचारावं, तसं त्यांचं होतं. मूळ इथलंच, पण सवयी बदललेल्या. ज्या पेशी बशीत भराभर वाढल्या त्या टिकल्या, बाकीच्या गळाल्या. अंडाशयाच्या बाबतीत तर घोटाळा आणखी मोठा निघाला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी अशा ४७ पेशीवंशांची जनुकं खऱ्या गाठींच्या जनुकांशी ताडून पाहिली. ज्या दोन वंशांवर सगळ्यात जास्त संशोधन झालं होतं, त्यांचं हाय-ग्रेड सिरस गाठींशी साम्य फारच कमी निघालं. मला हे वाचल्यावर धक्का बसला होता. कितीतरी लोकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं भलत्याच पेशींवर घालवली असतील.

बरं, उंदरांना हा आजार आपसूक होतो का? नाही म्हटलं तरी चालेल. आपसूक आणि वारंवार होतो तो अंडी देणाऱ्या कोंबडीला, कारण ती जवळजवळ रोज अंडं सोडते. कोंबड्यांवरही अभ्यास झालेत. पण मावशीची गाठ कोंबडीत नाही, मावशीत आहे.

म्हणून मग कलम. मावशीच्या गाठीचा तुकडा बशीत न वाढवता थेट उंदरात रुजवायचा. इंग्रजीत याला 'पेशंट-डिराइव्हड झेनोग्राफ्ट' म्हणतात. 'झेनो' म्हणजे परका, 'ग्राफ्ट' म्हणजे कलम. शब्द लांबलचक आहे. कलमी आंबा असतो, तर यांना या लेखापुरतं 'कलमी उंदीर' म्हणू.

परका तुकडा उंदीर ठेवून कसा घेतो?

वहिनींचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. नवऱ्याची किडनी बायकोला बसवली तरी शरीर ती नाकारायला बघतं, जन्मभर औषधं घ्यावी लागतात. मग माणसाची गाठ उंदीर कशी सहन करतो?

साध्या उंदरात ती रुजणारच नाही. त्याची प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांत तिचा फडशा पाडेल. त्यासाठी लागतो प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर, आणि असा उंदीर सापडला तो योगायोगाने. १९६२ साली ग्लासगोमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काही पिल्लं केसांविना जन्मली. पुढे १९६८ साली कळलं की ज्या जनुकीय दोषाने त्यांचे केस गेले, त्यानेच त्यांच्या छातीतली थायमस ग्रंथीही गेली होती. थायमसमध्ये टी पेशी तयार होतात. परकं ओळखून हल्ला करणाऱ्या त्याच. १९६९ साली डेन्मार्कच्या दोन डॉक्टरांनी अशा उघड्या उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ लावली आणि ती वाढली.

सोसायटीचं उदाहरण घ्या. उघड्या उंदरात वॉचमन नव्हता, पण कॅमेरा आणि कुत्रा होते. १९८३ साली फिलाडेल्फियात असे उंदीर मिळाले ज्यांच्यात टी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी या दोन्ही पेशी नव्हत्या: वॉचमनही नाही, कॅमेराही नाही. आणि २००५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीने जी जात तयार केली, तिच्यात कुत्राही उरला नाही. इथे कुत्रा म्हणजे परक्या पेशीला दिसताक्षणी चावणाऱ्या 'नैसर्गिक मारेकरी' पेशी. दारं सताड उघडी असल्यामुळे माणसाची गाठ तिथे निवांत मुक्काम करते.

अर्थात अशा उंदराला साधी सर्दीसुद्धा महागात पडते. म्हणून त्याचा पिंजरा वेगळा, हवा गाळलेली, खाणं-पाणी निर्जंतुक. वीस-पंचवीस ग्रॅमच्या जिवाची बडदास्त बघितली तर आमच्या वाड्यातले उंदीर हेव्याने मरतील.

विरजण लावल्यासारखं

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली की ती आधी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. निदानाला जेवढी हवी तेवढी तो घेतो. यात काटछाट नाही. मावशीचा रिपोर्ट पहिला. उरलेल्यातला हरभऱ्याएवढा तुकडा थंड पोषकद्रवात बुडवून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. काही तासांचा खेळ असतो. तिथे त्याचे साबुदाण्याएवढे तुकडे करतात, उंदराला भूल देतात आणि रोपण करतात.

कुठे करायचं यावर बरंच अवलंबून आहे. कुशीत, कातडीखाली लावलं तर सोपं. गाठ वाढताना हाताला लागते, कॅलिपरने मोजता येते. पण बाईत हा आजार कातडीखाली कधी वाढतो? तो पोटात पसरतो. म्हणून कुणी गाठ बारीक करून उंदराच्या पोटाच्या पोकळीतच सोडतात. तिथे ती बाईसारखीच अस्तरावर पसरते आणि उंदराच्या पोटातही पाणी होतं. मग मोजायचं कसं? उंदराची सोनोग्राफी करून. आणखी एक जागा म्हणजे उंदराचं अंडाशय. त्याच्याभोवती पातळ पडद्याची पिशवी असते, जी बाईत नसते, आणि त्या पिशवीत तुकडा ठेवता येतो. हात मात्र सोनाराचा हवा.

आणि मग वाट बघायची. दोन महिने, चार महिने, कधी आठ. काही तुकडे रुजतच नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २०१४ साली पोटाच्या पोकळीत रोपण करून जे काम प्रसिद्ध केलं, त्यात जवळजवळ चारांतल्या तीन गाठी रुजल्या. हा आकडा बराच चांगला मानला जातो.

गाठ पुरेशी वाढली की ती काढून तिचे तुकडे पुढच्या उंदरांत लावतात. काही तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश तापमानाला जपून ठेवतात. हे म्हणजे थेट विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्यात. एका वाटीतून हंडाभर दही होतं, आणि शेजारणीला द्यायलाही उरतं. एका मावशीच्या एका तुकड्यातून असे वीस-पंचवीस उंदीर तयार झाले की एकाच गाठीवर पाच औषधं शेजारी-शेजारी तपासता येतात. माणसात हे कधीच शक्य नाही. मावशी एकच आहे आणि तिला एका वेळी एकच उपचार देता येतो.

विरजणाचा दाखला आणखी पुढे नेते, कारण त्यातच या पद्धतीची मेखही आहे. आईने दिलेलं गायीच्या दह्याचं विरजण तुम्ही म्हशीच्या दुधाला लावत गेलात, तर चार-पाच दिवसांनी वाटीत आईच्या घरचं दूध उरलेलं नसतं. उरतात फक्त जंतू. गाठीतही नुसत्या कर्कपेशी नसतात. त्यांना धरून ठेवणारं जाळं, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी असा सगळा संसार असतो. दोन-तीन पिढ्यांत माणसाचा तो संसार जातो आणि उंदराचा येतो. कर्कपेशी मावशीच्या, घर उंदराचं.

शिवाय भलतंच उगवण्याचा धोका. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू बी पेशींमध्ये गुपचूप पडून असतो. आपली प्रतिकारशक्ती त्याला डोकं वर काढू देत नाही. गाठीच्या तुकड्यातून अशा दोन-चार पेशी उंदरात गेल्या, की तिथे दाबणारं कुणी नसल्याने त्यांचंच पीक येतं. अंडाशयाचा कर्करोग लावायचा आणि हाती लिम्फोमा, म्हणजे त्या बी पेशींचाच कर्करोग, यायचा. गहू पेरला, तण उगवलं. म्हणून रुजलेली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघतात आणि तिचा डीएनए रुग्णाच्या डीएनएशी ताडतात. ते न करता कुणी निष्कर्ष छापत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

विश्वामित्रीवरचे दोन पूल

इतका खटाटोप करून मिळालं काय? याचं एक उदाहरण तब्येतीने सांगते, कारण त्याचा संबंध मावशीच्या पुढच्या औषधाशी आहे.

पेशीच्या डीएनएची रोज मोडतोड होते आणि रोज दुरुस्ती होते. दुरुस्तीचे मार्ग अनेक. त्यातला एक बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांवर चालतो. दुसरा चालतो 'पार्प' नावाच्या प्रथिनावर. आता बडोद्याच्या मधून वाहणारी आपली विश्वामित्री नदी आठवा. पुरात एक पूल बंद झाला तर आपण वळसा घालून दुसऱ्या पुलावरून अलकापुरीला पोचतो. त्रास होतो, पण पोचतो. २०२४ च्या ऑगस्टसारखे पूल एकामागोमाग बंद झाले, की शहराचे दोन तुकडे होतात आणि दूधसुद्धा मिळत नाही.

काही बायकांच्या गाठीत बीआरसीएचा पूल मुळातच पडलेला असतो. गाठ पार्पच्या पुलावर जगते. पार्प बंद पाडणारं औषध दिलं की गाठीची कोंडी होते. निरोगी पेशींचा पहिला पूल शाबूत असतो, म्हणून त्या तगतात. २०११ साली बीआरसीए-२ बिघडलेल्या रुग्णाच्या गाठीचे कलमी उंदीर करून त्यांना ओलापॅरिब हे पार्प रोखणारं औषध दिलं, तेव्हा गाठीची वाढ रोखली गेली. बीआरसीए धड असलेल्या गाठीवर तसा परिणाम दिसला नाही. माणसांवरच्या चाचण्या तेव्हा सुरूच होत्या. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आज ते भारतातही वापरलं जातं.

पण मग एक कोडं उभं राहिलं. काही गाठींमध्ये बीआरसीए-१ जनुक मोडलेलं नसतं, नुसतं कुलूपबंद असतं. म्हणजे त्यावर रासायनिक टोप्या चढवून पेशीने ते गप्प केलेलं असतं. अशा बायकांपैकी काहींना पार्पची औषधं छान लागू पडत, काहींना अजिबात नाही. का? याचं उत्तर मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटच्या गटाने २०१८ साली कलमी उंदरांतून काढलं. गाठीच्या पेशीत या जनुकाच्या दोन, कधी तीनही प्रती असतात. सगळ्या प्रतींना कुलूप असेल तरच औषध चालतं. एका प्रतीचं जरी कुलूप निघालं, तरी तेवढी दुरुस्ती गाठीला पुरते आणि औषध वाया जातं. तीन दारांच्या घरात दोनच दारांना कुलूप लावून यात्रेला गेल्यासारखं. पुढे रुग्णांच्या नमुन्यांतही हेच दिसलं. आणि व्यवहारातली गोष्ट अशी की कुलूप आधीच्या केमोदरम्यान निघू शकतं. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या जुन्या तुकड्यावर केलेली तपासणी नंतरच्या उपचारासाठी पुरेशी नसू शकते.

ही गोष्ट बशीतल्या पेशींत उलगडणं अवघड होतं. त्यासाठी खऱ्या बाईची, खऱ्या केमोतून गेलेली गाठ वाढवावी लागली.

मग उंदरालाच विचारा, मावशीला कुठलं औषध चालेल!

वहिनींच्या मुलाने हे इतक्या उत्साहाने म्हटलं की 'नाही' म्हणताना मला वाईट वाटलं. कल्पना नवीन नाही. परदेशात काही कंपन्यांनी 'तुमचा स्वतःचा उंदीर' अशी सेवा पैसे घेऊन दिलीही आहे.

हिशोब बघा. तुकडा रुजायला सरासरी चार-पाच महिने. मग दुसरी पिढी, म्हणजे आणखी दोन-तीन महिने. मग औषधं देऊन महिना-दोन महिने मोजायचं. तोवर मावशीची केमो ऑपरेशननंतर काही आठवड्यांत सुरू होऊन संपलेलीही असते. खर्च लाखांत. रुजेलच याची हमी नाही. मेयो क्लिनिकच्या कामात उंदरांचा केमोला मिळालेला प्रतिसाद रुग्णांच्या प्रतिसादाशी बऱ्यापैकी जुळला होता, हे खरं. पण उत्तर बरोबर असून उपयोग काय, परीक्षा संपल्यावर मिळालं तर?

त्यामुळे कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दवाखान्याच्या बाहेर अशी सेवा विकत असेल, तर आधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा. माझं मत विचाराल तर ते पैसे बीआरसीए तपासणीला आणि चांगल्या आहाराला लावा. कलमी उंदीर ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो 'हिला काय द्यावं' असा नसतो. तो असतो 'अशा प्रकारच्या गाठींना काय चालतं आणि कधी चालेनासं होतं'. त्याचा फायदा पुढच्यांना. मावशी देते ते खऱ्या अर्थाने दान आहे, आणि पाचव्या पानावर हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. आशा विकली जाते ती अशाच अस्पष्ट वाक्यांतून.

उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे त्यांना कळत नाही का?

चांगलंच कळतं, आपसात भांडतातही. २०१७ साली एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं की उंदरात पिढ्या जातात तशी गाठीची गुणसूत्रं उंदराच्या सोयीने बदलत जातात, म्हणजे ती मावशीची राहत नाही. २०२१ साली दुसऱ्या, त्याहून मोठ्या अभ्यासाने सांगितलं की बदल होतात, पण फारसे नाहीत. रुग्णाच्या गाठीच्या दोन टोकांत जेवढा फरक असतो तेवढेच. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. तरीही शहाण्या प्रयोगशाळा सुरुवातीच्या पिढ्यांवरच काम करतात आणि मूळ विरजण फ्रीझरमध्ये जपतात.

मोठी उणीव वेगळीच आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं तपासणार कशी? वॉचमन नसलेल्या सोसायटीत नवीन वॉचमनच्या शिट्टीचा काय उपयोग? माणसाच्या मूळपेशी घालून 'मानवीकृत' उंदीर करतात, पण ते महाग आहेत आणि त्यांची प्रतिकारशक्ती अर्धीमुर्धी असते. शिवाय उंदराचं यकृत औषधं वेगळ्या वेगाने पचवतं. आणि रुजतात त्या बहुधा आक्रमक गाठी. सुस्त गाठी मागे पडतात. उंदरात चाललेली कितीतरी औषधं माणसात आपटली आहेत. म्हणून 'उंदरांमध्ये कर्करोग बरा' अशी बातमी आली की मी दोन ओळी वाचून पान उलटते.

आणि त्या जिवांचं काय?

हा प्रश्न वाड्यातल्या एका आजींनी विचारला आणि क्षणभर सगळे गप्प झाले. त्या जैन शेजारणीबरोबर चाळीस वर्षं राहिल्या आहेत. प्रश्न त्यांच्या हाडात मुरलेला.

यातले उंदीर शेवटी मारले जातात. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती प्राणी-प्रयोगांवर देखरेख करते. प्रत्येक संस्थेत आपली वेगळी नीतिसमिती लागते, आणि तिच्या मंजुरीशिवाय एक उंदीरही वापरता येत नाही. किती उंदीर, का, यापेक्षा कमी का नाहीत, वेदना कशी कमी करणार, गाठ केवढी झाली की प्रयोग थांबवणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. उंदीर मलूल व्हायला लागला, खाईनासा झाला, की ठरलेल्या मुदतीची वाट न बघता त्याला शांतपणे संपवतात. कागदावर आणि प्रत्यक्षात अंतर असतं, हे मी शिकवत असताना पाहिलंय. पण नियम नव्हते तेव्हाची परिस्थितीही पाहिलीय.

वारं आता बदलतंय. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने औषधासाठी प्राण्यांवर चाचणी सक्तीची असल्याची कायद्यातली अट काढली. २०२३ साली भारतानेही नियम बदलून प्राण्यांऐवजी इतर पद्धतींना वाट दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने काही प्रकारच्या औषधांसाठी प्राणी-चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं जाहीर केलं. पर्यायांत सगळ्यात पुढे आहेत 'ऑर्गनॉइड': रुग्णाच्या गाठीतल्या पेशी जेलीसारख्या माध्यमात वाढवून केलेले मोहरीहूनही लहान गोळे. नेदरलँड्समध्ये २०१९ साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या वेगवेगळ्या प्रकारांचे असे गोळे तयार झाले. ते महिन्यांऐवजी आठवड्यांत वाढतात, त्यामुळे 'मावशीला काय चालेल' याचं उत्तर मिळालंच तर कदाचित तिथून मिळेल. पण गोळ्याला रक्तवाहिन्या नाहीत, पोट नाही, पोटातलं पाणी नाही. औषध यकृतातून गेल्यावर काय उरतं ते गोळा सांगू शकत नाही. म्हणून आज बऱ्याच ठिकाणी आधी गोळ्यांवर चाळणी लावतात आणि तीतून उरलेली दोन-तीन औषधंच उंदरापर्यंत जातात. उंदीर त्यामुळे कमी लागतात. आजींना एवढ्याने समाधान झालं नाही. मलाही पूर्ण झालेलं नाही.

ते दोन चौकोन

वहिनींना मी शेवटी व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या. 'नाही' म्हटलं तरी उपचारात फरक पडत नाही. पडत असेल तर ती संमती नव्हे, जबरदस्ती आहे. 'हो' म्हणून नंतर मन बदललं तरी कळवता येतं. तुकड्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. ऑपरेशनमध्ये संशोधनासाठी म्हणून जास्तीचं काही कापत नाहीत. उंदरातली गाठ मावशीकडे परत येत नाही, कुणाला लागतही नाही. त्यातून पुढे औषध निघून कुणी नफा कमावला तर त्यात मावशीचा वाटा बहुधा नसतो, आणि ते कागदावर स्पष्ट लिहिलंय का हे बघायचा हक्क तिला आहे. काही कळलं नाही तर डॉक्टरांना थांबवून विचारायचं. ते घाईत असले तरी.

त्यावर वहिनींनी विचारलं, "आणि उंदीर असतो का उंदरीण?"

बहुतेक माद्याच वापरतात, मी म्हटलं. अंडाशयाचा आजार, हार्मोन्सचा प्रश्न असतो.

"म्हणजे तिथेही भोगायचं बाईनेच," असं म्हणून त्यांनी बहिणीला फोन लावला.

पहिल्या चौकोनात मावशीने ऑपरेशनच्या आदल्या रात्री खूण केली. दुसरा चौकोन होता संशोधनात आनुवंशिक असं काही आढळलं तर कुटुंबाला कळवायचं का, याचा. हाय-ग्रेड सिरस झालेल्या साधारण सहा-सात बायकांत एकीला बीआरसीएचा दोष जन्मजात असतो, आणि तो मुलगा असो वा मुलगी, पुढच्या पिढीत जायची शक्यता निम्मी असते. मावशीला सव्वीस वर्षांची मुलगी आहे, लग्न ठरलेलं. तो चौकोन चार दिवस रिकामा राहिला. पाचव्या दिवशी मुलीने आईच्या हातून कागद घेतला, खूण केली आणि खाली संपर्कासाठी स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला.